बदली उमेदवार आणि घरी बसलेला मतदार : एक शंका

मांडवीकाठ (म्हापसा) :

आमच्या वाचकमंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका विषयावर चर्चा होते आणि या वेळी विषय मांडण्याची पाळी माझ्यावर आली आहे. विषय मीच हौसेने सुचवला होता आणि आता तोच अंगाशी येऊ लागला आहे. निवडणूक तोंडावर आलेली असताना राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बदलावा लागला, तर नवा उमेदवार कोणी व कसा निवडावा आणि त्या नव्या नावासाठी मतदाराला घराबाहेर कसे काढावे, असा तो विषय आहे.

डोळ्यांसमोर अर्थातच अमेरिकेची 2024 ची निवडणूक आहे. 27 जून रोजी अटलांटा येथील वादचर्चेत जो बायडेन अडखळले, 21 जुलै रोजी त्यांनी माघार घेतली आणि मतदान 5 नोव्हेंबर रोजी होते. म्हणजे कमला हॅरिस यांच्या हाती अवघे 107 दिवस आले. बायडेन यांना 2020 मध्ये 8 कोटी 12 लाखांहून अधिक मते मिळाली होती, तर हॅरिस यांना साडेसात कोटींच्या आसपास मिळाली. साठ लाखांहून अधिक मतांची ही घट कुठून आली, हा माझा मूळ प्रश्न आहे.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो आणि तो तेथील नागरिक आहे. त्याने प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी होणाऱ्या मतदानात, बायडेन यांना मत दिले होते, पण नोव्हेंबरमध्ये तो मतदानाला गेलाच नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, मी ज्याला निवडले होते तो गेला, आणि दुसरा निवडताना मला कोणी विचारले नाही." या एका वाक्यावर मी माझी सगळी मांडणी उभी केली आहे, आणि पाया इतका अरुंद असल्यामुळे मनात धाकधूक आहे. मतदारांना डावलून उमेदवार लादला म्हणून मतदार रुसला, असे म्हणणे कितपत योग्य होईल? आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार व आमदार करतात आणि गोव्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य 20 इतके धरले जाते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला तसा दूरचा आहे. तरीही गोव्यातले एखादे उदाहरण देता आले, तर श्रोत्यांना विषय जवळचा वाटेल.

अंत्रुजवासी (फोंडा) :

आपल्या भाच्याची खंत खरी असली तरी "लादला" हा शब्द मी वापरणार नाही. अमेरिकेत प्राथमिक फेरीतला मतदार थेट उमेदवार निवडत नाही. तो पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरवतो. बायडेन यांच्या बाजूने असे सुमारे 3,900 प्रतिनिधी निवडून आले होते. ज्याच्या नावावर आपण निवडून आलो त्या उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या मतदारांची भावना सद्सद्विवेकाला स्मरून व्यक्त करावी, एवढेच बंधन डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमांत त्यांच्यावर आहे. बायडेन यांनी माघार घेताच ते मोकळे झाले. त्यांना हॅरिस यांच्याकडे "वळते" करण्याचा अधिकार बायडेन यांनाही नव्हता.

रिंगणात उतरू इच्छिणाऱ्याने 300 प्रतिनिधींच्या सह्या आणाव्यात आणि त्यांपैकी एका राज्यातील सह्या 50 पेक्षा अधिक नसाव्यात, अशी अट ठेवण्यात आली. ती अट हॅरिस यांच्याखेरीज कोणीही पूर्ण केली नाही. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रतिनिधींनी दूरस्थ पद्धतीने मतदान केले, आणि शिकागोचे अधिवेशन 19 ऑगस्टला सुरू झाले तेव्हा उमेदवारी आधीच पक्की झालेली होती. दार उघडे होते, आत यायला कोणी धजावले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. आता दार किती किलकिले होते, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो आपण जरूर मांडावा.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. बायडेन यांच्या प्रचारसमितीच्या खात्यात साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम होती. समितीच्या नोंदीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून हॅरिस यांचेही नाव असल्यामुळे तीच समिती त्यांच्या नावाने पुढे चालू शकली. अन्य कोणी उमेदवार झाला असता, तर त्याला ते पैसे असे सरळ वापरता आले नसते.

तिसरी गोष्ट मतपत्रिकेची. तेथे प्रत्येक राज्याची मुदत निराळी असते आणि नाव घालण्याइतकेच ते काढणेही अवघड होऊन बसते. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी 23 ऑगस्ट रोजी प्रचार थांबवला. नॉर्थ कॅरोलायनात न्यायालयाच्या आदेशाने त्यांचे नाव वगळले गेले व त्यापायी टपाली मतपत्रिका उशिरा निघाल्या, तर मिशिगन व विस्कॉन्सिन येथे ते नाव तसेच राहिले. अधिवेशनानंतर जागा रिकामी झाली असती, तर पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या काहीशे सदस्यांनी नवा उमेदवार ठरवला असता, म्हणजे मतदार आणखी लांब गेला असता.

आपल्याकडची सोय श्रोत्यांना चटकन कळेल. एबी फॉर्ममध्ये पक्ष मुख्य उमेदवाराबरोबर पर्यायी उमेदवाराचेही नाव देतो, ज्याला आपण सर्रास "डमी" म्हणतो. मान्यताप्राप्त पक्षाचा वैध उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 52 नुसार त्या मतदारसंघातील मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला नवे नाव देण्यासाठी सात दिवस मिळतात. राजस्थानातील करणपूरला 2023 मध्ये असेच घडले आणि जानेवारी 2024 मध्ये दिवंगत उमेदवाराचे पुत्र निवडून आले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान असे पुढे ढकलण्याची वाट नाही. तारीख अढळ राहते आणि धावपळ करायची ती माणसांनीच.

जुना पणजेकार (पणजी) :

गोव्याचे उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही, आमची पणजीच घ्या.

मनोहर पर्रीकर 17 मार्च 2019 रोजी गेले. मुख्यमंत्रिपदाची जागा दोन दिवसांच्या आत भरली गेली आणि डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी मध्यरात्रीनंतर पार पडला. ते काम आमदारांच्या मोजणीचे होते आणि ते झाले. पण पणजीची आमदारकी भरायला मतदार लागतात. 1994 पासून भाजपकडे असलेल्या त्या मतदारसंघात पक्षाने सिद्धार्थ कुंकळ्येकर यांना उभे केले. ते काही परके नव्हते. पर्रीकर दिल्लीला गेले तेव्हा तेच येथून निवडून आले होते आणि 2017 मध्ये पर्रीकरांसाठी त्यांनीच जागा मोकळी केली होती. कागदावर याहून बिनचूक बदली उमेदवार सापडला नसता. तरी मे 2019 च्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात यांच्याकडून पावणेदोन हजारांच्या आसपास मतांनी हरले. पर्रीकरांची वैयक्तिक मते पक्षाच्या खात्यात आपोआप जमा होतील, हा हिशेब चुकला.

याच्या उलट उदाहरण 1973 चे. 12 ऑगस्ट रोजी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कन्या म्हणून हे पद मिळाले, असे तेव्हाही म्हटले गेले आणि ते अगदीच खोटे नव्हते. परंतु त्या 1967 पासून विधानसभेत होत्या, आणि 1977 च्या निवडणुकीला सामोरे जाण्यापूर्वी त्यांना जवळपास चार वर्षे कारभार करून दाखवता आला. वारसा मान्य व्हायला लागणारा हा अवधी हॅरिस यांच्यापाशी नव्हता. 107 दिवसांत त्यांना बायडेन यांच्याशी निष्ठाही दाखवायची होती आणि आपण त्यांच्याहून वेगळ्या आहोत हेही पटवायचे होते. या दोन्ही गोष्टी एका तोंडाने सांगणे कठीणच.

अंत्रुजवासींनी नियम नीट सांगितले, त्याबद्दल वाद नाही. मात्र नियमात बसले म्हणजे मनात बसले, असे होत नाही. अमेरिकेतल्या त्याच पक्षाला 1968 मध्ये हा अनुभव आला होता. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 31 मार्चला माघार घेतली, जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले रॉबर्ट केनेडी (थोरले) यांची हत्या झाली आणि एकही प्राथमिक निवडणूक न लढवलेले उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार ठरले. सभागृहाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. हम्फ्री नोव्हेंबरमध्ये एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरले आणि त्यानंतर पक्षाने नियम बदलून निवडीची सूत्रे प्राथमिक फेरीतल्या मतदारांकडे दिली. आपल्या भाच्याला "मला विचारले नाही" असे म्हणावेसे वाटते, त्यामागे 1968 नंतर मिळालेला तो हक्क आहे.

निवृत्त केंद्राध्यक्ष (काणकोण) :

वरील दोन्ही उत्तरे उमेदवाराविषयी आहेत. मी मतदानाविषयी लिहितो. शिक्षकाच्या नोकरीत असताना अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले असल्यामुळे, मतदार का येतो याबाबत माझी काही मते बनली आहेत.

आधी आकड्यांची एक खबरदारी. अमेरिकेत मतदानाचे प्रमाण 2020 मध्ये सुमारे 66 टक्के आणि 2024 मध्ये सुमारे 64 टक्के होते, तर गोव्यात 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ते 76 टक्के होते, म्हणून आपण अधिक जागरूक, असे भाषणात म्हणू नका. तेथील टक्केवारी मतदानास पात्र असलेल्या सर्व नागरिकांवर काढलेली असते आणि आपली केवळ यादीतल्या नावांवर. आपल्या यादीत शिवाय मयतांची नावे राहून जातात, आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेल्यांचीही, ती वगळली जाईपर्यंत, मोजली जातात. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते. तेथे मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी होते, आणि अनेक राज्यांत यादीत नाव घालण्याची जबाबदारी ज्याची त्यानेच पार पाडायची असते.

आता साठ लाखांच्या घटीकडे वळू. ही घट सर्वत्र सारखी झाली असती, तर आपला तर्क बळकट ठरला असता. परंतु जॉर्जिया, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ कॅरोलायना या अटीतटीच्या राज्यांत हॅरिस यांना बायडेन यांच्या 2020 च्या मतांपेक्षा अधिक मते मिळाली. तेथे त्या हरल्या, कारण ट्रम्प यांची मते त्याहून वाढली. मते मोठ्या प्रमाणात घटली ती कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत, जेथे निकाल ठरलेलाच आहे असे समजून दोन्ही पक्षांनी पैसा व माणसे फारशी लावली नव्हती. न्यू जर्सीत बायडेन सुमारे 16 टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस सुमारे 6 टक्क्यांनी जिंकल्या. उमेदवार निवडण्याची पद्धत सर्व राज्यांना सारखीच होती. फरक होता तो दारावर कोणी आले की नाही याचा. मिशिगन मात्र वेगळे ठेवा. तेथे फेब्रुवारीच्या प्राथमिक फेरीतच एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर "कोणालाही बांधील नाही" असा पर्याय निवडला होता, म्हणजे तेथील नाराजी बदलीच्या आधीची होती.

दारावर येण्याला किती महत्त्व आहे, हे तेथील अभ्यासकांनी मोजून पाहिले आहे. अॅलन गर्बर व डोनाल्ड ग्रीन यांनी 1998 मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग केला. समोरासमोर बोलून केलेल्या विनंतीने मतदान लक्षणीय वाढले आणि व्यावसायिक दूरध्वनींनी जवळजवळ काहीच वाढले नाही. 2006 मध्ये मिशिगनमधील प्रयोगात काही घरांना पत्र पाठवून, तुम्ही व तुमचे शेजारी पूर्वी मतदानाला गेला होता की नाही हे सांगितले आणि पुन्हा कळवू असे बजावले. पत्र न मिळालेल्यांचे मतदान 29.7 टक्के झाले, ते पत्र मिळालेल्यांचे 37.8 टक्के. शेजाऱ्याची लाज ही काही उदात्त प्रेरणा नव्हे, पण ती काम करते. (आपल्या वाड्यावर ते पत्र पाठवायची गरजच नाही, दुपारी बाराच्या आत कोण आले नाही, हे पंचाच्या माणसाला तोंडपाठ असते.)

गोव्यातला मतदार येतो तो बहुधा याच कारणाने, आणि आपले मत मोजले जाईल या खात्रीने. मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्या आतले आहेत. 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी आणि फोंड्याचा 77 मतांनी लागला. एका वाड्यावरच्या चार-पाच कुटुंबांनी ठरवले असते तर आमदार बदलला असता. न्यू जर्सीतल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मांडवीकाठ (म्हापसा) :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. केंद्राध्यक्षांचे उत्तर वाचून काल रात्री भाच्याला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला : मतदानाआधीच्या त्या तीन महिन्यांत तुझ्या दारावर कोणी आले होते का? तो म्हणाला, कोणीच नाही. भ्रमणध्वनीवर देणगी मागणारे संदेश मात्र रोज येत होते, काही दिवशी चार-चार. मांडणी बदलावी लागणार हे उघड आहे. तरीही "मला विचारले नाही" हे त्याचे वाक्य मी काढून टाकणार नाही, कारण दारावर कोणी आले असते तर त्याने तेच गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडले असते आणि त्याचे उत्तर त्यांना द्यावेच लागले असते. ते उत्तर काय असावे, यावर पहिली वीस मिनिटे बोलेन म्हणतो.

अंत्रुजवासी (फोंडा) :

उत्तम. वेळ उरल्यास ब्राझीलचे उदाहरणही घ्या, पण जपून. 2018 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांची उमेदवारी न्यायालयाने नाकारल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या फर्नांदो हद्दाद यांना पुढे करण्यात आले आणि ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचून हरले. तेथे मतदान सक्तीचे असल्यामुळे बदली उमेदवाराने मतदार घरी बसला की नाही, हे त्यावरून ठरवता येणार नाही. नेत्याची मते किती प्रमाणात दुसऱ्याकडे जातात, एवढेच पाहता येईल. आणि श्रोत्यांत कोणी पणजीचे असतील, तर 2019 वर ते आपल्याला वीस मिनिटांत सोडणार नाहीत, याचा हिशेब आधीच ठेवा.