‘पढवलेल्या पेशी’ चालेल का?

पाटीपेन्सिल: मूत्राशयाच्या कॅन्सरवर कार-टी उपचारांचे जे प्रयोग चालू आहेत, त्यावरचा लेख तपासतोय. मसुद्यात ‘अभियांत्रिकी प्रतिकारक पेशी’ आहे. वाचून पूल बांधणाऱ्या पेशी डोळ्यांसमोर येतात! रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांत नवं जनुक घालायचं, वाढवून परत द्यायच्या, एवढाच अर्थ हवाय. ‘पढवलेल्या पेशी’?

खडीसाखर: पढवलेला म्हटलं की साक्षीदार आठवतो. त्यात हिंदीत ‘पेशी’ म्हणजे कोर्टातली तारीख, म्हणजे चित्र पूर्णच झालं. ‘जनुक बदललेल्या टी-पेशी’ लिहा. ‘सुधारित’ नको, आधीच्या बिघडलेल्या होत्या असं वाटतं.

पाटीपेन्सिल: पटलं. आणि ‘कार’ म्हणजे ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’, त्यातलं ‘कायमेरिक’? मसुद्यात ‘संकरित प्रतिजन ग्राही’ आहे.

उंबरठा: संकरित ज्वारी असते, गाय असते. इथे संकर नाही, जोडकाम आहे. कायमेरा हा ग्रीक कथांतला सिंह, बोकड आणि साप एकत्र असलेला प्राणी. या ग्राहीचंही, म्हणजे टी-पेशीवर बसवलेल्या या प्रथिनाचंही, तसंच: पेशीबाहेरचा भाग प्रतिपिंडाकडून (अँटिबॉडीकडून) घेतलेला, तो शत्रूची खूण ओळखतो, आतला टी-पेशीचा, तो हल्ल्याचा इशारा देतो. जोडाक्षर तसा ‘जोडग्राही’ म्हणा. कोशात सापडणार नाही, पण कळेल.

खूण कोणती, तेही लेखात येऊ द्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराच्या नावातला १९ म्हणजे सीडी१९, बी-पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरची खूण. तो उपचार रक्ताच्या कॅन्सरचा. मूत्राशयाच्या गाठीला दुसरी खूण शोधावी लागते. म्यूक१ या प्रथिनावर प्रयोगशाळेत काम झालंय. तीच खूण निरोगी पेशींवरही असली, तर त्याही मारल्या जाण्याची भीती.

खडीसाखर: ‘मूत्राशय’ तरी किती जणांना कळतं? निम्मे लोक मूत्रपिंड समजतात.

पाटीपेन्सिल: मग ‘पिशवीचा कॅन्सर’?

खडीसाखर: अहो, नको! आमच्याकडे ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशयच. पहिल्यांदा ‘लघवीची पिशवी’ असं पूर्ण लिहा, मग खुशाल मूत्राशय. माझ्या मामांना याच आजारात नळीने बीसीजी सोडायचे. मामी सगळ्यांना सांगायची, “लहान मुलांची लस देतायत त्यांना, तीही लघवीच्या पिशवीत!” प्रतिकारशक्तीला चेतवणारा तो उपचार १९७० च्या दशकापासूनचा आहे, लेखाची सुरुवात तिथून करता येईल.

पाटीपेन्सिल: ‘चेतवणं’ घेतो. मसुद्यात ‘उद्दीपित करणे’ होतं.