मदत हवी आहे: जोरात पळवल्यावर जुन्या व्ही-८ इंजिनचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन संथ चालणं) बिघडतं

गाडी १९६९ ची, ५.७ लिटर व्ही-८, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, पॉइंटचं (जुन्या पद्धतीचं, इलेक्ट्रॉनिक नसलेलं) इग्निशन, मेकॅनिकल फ्युएल पंप. थंड असताना आणि साध्या वेगात चालवल्यावर आयडलिंग एकदम छान. हायवेवर दाबून चालवून थांबलं की आरपीएम ७५० वरून ५०० च्या आसपास येतो, अख्खी गाडी थरथरते, पेट्रोलचा वास येतो. बंद केली तर लगेच चालू होत नाही. थंड झाली की पुन्हा ठणठणीत. टेंपरेचरचा काटा कायम नॉर्मल.

प्लग काळे पडले होते, ते बदलले. पॉइंट, कंडेन्सर नवे, टायमिंग तपासलं. हवेची गळती शोधायला व्हॅक्यूमच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, काही फरक नाही. चोक पूर्ण उघडतो.

काल एअर फिल्टर काढून टॉर्च मारला. इंजिन तापलेलं, आयडलवर चालू, आणि बूस्टरमधून (कार्ब्युरेटरच्या तोंडातली पेट्रोल सोडणारी नळी) पेट्रोलचे थेंब थ्रॉटलच्या पात्यावर टपटप पडत होते! त्यामुळे इग्निशन कॉइलपेक्षा पेट्रोलवरच माझा संशय आहे.

कंप्रेशन अजून बघितलेलं नाही. कार्ब्युरेटर मूळचाच ठेवायचाय, त्यामुळे फ्युएल इंजेक्शन नको.

बाउलमधलं (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवायची वाटी) पेट्रोल उष्णतेनं उकळतंय की त्यात येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह गळतोय, हे कार्ब्युरेटर न उघडता कसं ओळखायचं?