मदत हवी आहे: बाबांचा निखळलेला खांदा बसवला, पण दंड बधिर आहे

बाबा ६४ वर्षांचे, चिपळूणजवळ गावी असतात. परवा मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले ते उजव्या हातावरच, खांदा निखळला. शेजारचे काका हाडवैद्याकडे नेऊया म्हणत होते पण आईने ऐकलं नाही, थेट दवाखान्यात नेलं, बरंच केलं. एक्सरे काढून भूल देऊन बसवला, नंतर परत एक्सरे, फ्रॅक्चर नाही म्हणाले आणि हात गळ्यात बांधून घरी सोडलं.

पण कालपासून मला घोर लागलाय. खांद्याच्या खाली दंडाच्या बाहेरच्या बाजूला साधारण तळहाताएवढ्या भागात त्यांना काहीच कळत नाही. आईने डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला, डावीकडे लगेच "हां" म्हणाले, उजवीकडे म्हणतात "लाव की आता". नस दुखावली असेल का? आपोआप येतं का हे? मी पुण्यात आहे, कशासाठी थांबायचं नाही तेवढं तरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओ आहे. तुम्ही सांगताय तो भाग अ‍ॅक्सिलरी नर्व्हचा, म्हणजे काखेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसेचा. बहुतेक वेळा ती नुसती ताणली जाते आणि काही महिन्यांत सुधारते, पण डॉक्टरांना आत्ताच दाखवून नोंद करून घ्या. या वयात खांद्याचे स्नायूबंधही फाटतात, एक्सरेत ते दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. हात उचलता येत नसेल तर सगळं नसेवर ढकलून महिनाभर वाट बघत बसू नका.

त्याआधी पंजा बघा. दुसऱ्या हातापेक्षा गार, पांढरट पडलाय का, बोटं हलेनाशी झालीत का, आणि काखेत सूज वाढतेय का? यातलं एक जरी असलं तरी रात्र असो काही असो, लगेच निघा, रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. मनगटाला नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांतून रक्त येत राहतं त्यामुळे फसायला होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी तेच सांगा. आणि तेल लावून चोळायला कोणाला देऊ नका.

धागाकर्ती:
आईला फोन केला. बोटं हलतात, पंजा गरम आहे. पण काखेत सकाळी लिंबाएवढी गाठ होती ती आता मुठीएवढी झालीय म्हणते, आणि बाबांना हार्टची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे दवाखान्यात कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी गाडी काढलीय, मी पण निघतेय. रक्तवाहिन्यांचे सर्जन तिकडे जवळात जवळ कुठे मिळतील? कोणाला नक्की माहीत असेल तर प्लीज लगेच लिहा.