मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलंय, दुचाकी घालावी का?

कुंभीकाठ
मी गगनबावड्याकडचा. कोल्हापुरात दुसरी पाळी, रात्री बाराला सुटतो. पाच दिवस पावसाची उघडीप नाही. काल मांडुकलीजवळ पोटरीएवढं पाणी होतं. पुढं एक टेम्पो गेला, त्याच्या मागं मीपण गाडी घातली. मधोमध मागचं चाक कडेला सरकलं, पाय टेकला म्हणून निभावलं. खाडा पडला की पगार कापतात. किती पाण्यापर्यंत गाडी निघते?

एसटीतला_जुना
भावा, टेम्पोच्या मागनं गेलास तिथंच चुकलं. त्याचं वजन काय, तुझ्या गाडीचं काय! एकतीस वर्षं एसटी चालवली. गढूळ पाण्यात साईडपट्टी कुठं संपते ते आम्हालाही कळायचं नाही. खालची मोरी रात्रीत खचली असली तर वरनं पाणी तसंच वाहताना दिसतं. ओढ असली तर वीतभर पाणीसुद्धा पाय उचलतं, आणि दोन फुटांत मोटार तरंगायला लागते. आम्ही कंडक्टरला काठी देऊन पुढं धाडायचो. दोरीबिरी काही नाही. आता आठवलं की लाज वाटते.

शहरात ऊन पडलंय म्हणूनही निघू नकोस. तुझ्या वाटेवरचं पाणी गगनबावड्याच्या पावसाचं. त्यात खाली पंचगंगा चढली की वरच्या नद्यांना फुग येते, म्हणजे त्यांचं पाणी मागं तुंबतं. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. मी ३९ ऐकले की मुक्कामाची पिशवी भरायचो.

भोगावतीकर
रस्ता बंद म्हणून बंधाऱ्यावरून आडवाट धरू नका. अरुंद असतो, वर पाणी आलं की कड कुठं तेच दिसत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्यूसेक येतं, आणि ते तुमची पाळी बघून येत नाही.

महाडकर
आमच्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा पूल गेला. दोन एसट्या आणि आणखी गाड्या पुरात गेल्या. अंधारात पुढे पूलच नाही हे येणाऱ्याला कसं दिसणार? तुमची सुटीही रात्री बाराची, म्हणून लिहितोय.

कुंभीकाठ
आज पिशवी घेऊनच आलोय. फुलेवाडीत पाव्हण्यांकडं राहतो. सायबांना रस्त्याचा फोटो पाठवलाय, बघू काय म्हणतात. काका, त्या कंडक्टरचं पुढं काय झालं?

एसटीतला_जुना
एकदा घसरला. मीच कॉलर धरून वर घेतला. त्यानंतर रस्त्यावर पाणी दिसलं की तो डबल बेलच मारायचा नाही. मी किती हॉर्न वाजवला तरी गाडी तिथंच उभी.