घरी काय करायचं, मिस्तरीकडे काय द्यायचं

"गॅरेजवाले लुटतात, व्हिडिओ बघून सगळं घरीच करा" हे गाडीच्या देखभालीबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. एअर फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल हे जरूर घरी करा. जळगाव-धुळ्याच्या शेतरस्त्यांवर फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या आधीच धुळीने भरतो, म्हणून अधूनमधून उघडून बघाच.

कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, मात्र जपून. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पातळी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. गरम गाडीत रेडिएटरचं झाकण अजिबात फिरवू नका. आतलं द्रव दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापलेलं असू शकतं, झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. बोअरचं पाणीही ओतू नका, त्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात. तयार कूलंट मिळतं, तेच घाला.

ब्रेक मात्र मिस्तरीकडेच, यात माझं मत पक्कं आहे. ब्रेक ऑइलच्या नळीत हवा राहिली तर पेडल मऊ पडतं, ब्रेक नीट लागत नाही, आणि चाळीसगावहून कन्नड घाटात जाणाऱ्या गाडीला ते परवडणारं नाही. लुटण्याची भीती असेल तर काम चालू असताना तिथेच उभे राहा आणि काढलेले जुने पॅड मागून घ्या, किती झिजलेत ते डोळ्यांना दिसतं.