मदत हवी आहे: कुंडीतल्या गांजाला सेंद्रिय खत की रासायनिक? लवकर सांगा

खिडकीतला_माळी:
दोन झाडं आहेत. पानांची टोकं करपलीत, बाकी पान काळपट हिरवं, शेंडा खाली वळलेला. मित्र म्हणतो रासायनिक बंद कर, सेंद्रियवर ये. दुकानदार नेमकं उलटं सांगतो. शनिवारी दुकानात जातोय, एकच बाटली आणायची आहे. कुठली? लांबण लावू नका.

बांधावरून:
राहता कुठे तुम्ही? इकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, गांजा लावणं हाच गुन्हा. धागा उडायच्या आत सांगा.

खिडकीतला_माळी:
कॅनडात, ऑन्टारिओ. इथे २०१८ पासून घरटी चार झाडं लावता येतात. खताचं बोला.

शेणखत_एके_शेणखत:
जीवामृत करा, दुसरं काही नको. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. माझी गच्चीवरची वांगी बघायला लोक येतात.

खिडकीतला_माळी:
मी अकराव्या मजल्यावर राहतो. गोमूत्र कुठून आणू?

ठिबकवाला:
द्राक्षात वीस वर्षं काढली म्हणून सांगतो. मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात. ते शेणातून आलं की पोत्यातून, मुळाला फरक पडत नाही. सेंद्रिय खत आधी जिवाणूंनी फोडावं लागतं, आणि माती गार असली की ते काम रेंगाळतं. वाढीला १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं; फुलं धरताना ०:५२:३४, म्हणजे नत्र शून्य. विषय संपला.

शेणखत_एके_शेणखत:
आणि जमीन मेली की?

ठिबकवाला:
बादलीभर मातीत कसली जमीन मरतेय! हंगाम संपला की ते ओतूनच देणार.

आजीचा_बटवा:
महाशिवरात्रीला आमच्याकडे थंडाईत भांग असायची, पण ती पानांची. गांजा म्हणजे मादीची फुलं. नर झाड असेल तर आधी उपटा, नाहीतर सगळं बियांनी भरेल.

खिडकीतला_माळी:
मादीच आहेत, बी तसलंच घेतलं होतं. कोणी खताचं सांगेल का?

बर्फातली_बाग:
मीही ऑन्टारिओतच. कुंडी केवढी? झाडं किती दिवसांची? ऑटो, म्हणजे ठरावीक वयाला आपोआप फुलणारी, की साधी? माती कुठली? सध्या खत काय आणि किती? ही माहिती दिल्याशिवाय बाटलीचं नाव कोण सांगणार?

खिडकीतला_माळी:
ऑटो. पाच आठवडे. कुंडी मध्यम. माती साधी, पोत्यातली, पोतं फेकलं. खत निळं पाणी, झाकणभर.

बर्फातली_बाग:
झाकणभर कधी?

खिडकीतला_माळी:
पाणी घालतो तेव्हा. रोज.

ठिबकवाला:
अरे देवा.

बर्फातली_बाग:
रोज?? झाडाला भूक लागली असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, कारण नत्र तिथून वर जातं. काळपट पान आणि करपलेलं टोक म्हणजे अजीर्ण. कुंडीच्या काठाला पांढरी खपली दिसते का? आणि मातीत भिजल्या साबुदाण्यासारखे गोल मणी आहेत का? इथल्या बऱ्याच पोत्यांत सावकाश सुटणारं खत आधीच मिसळलेलं असतं. ते काही महिने पुरतं, वर तुम्ही रोज निळं ओतताय.

शेणखत_एके_शेणखत:
म्हणजे रासायनिकनेच घात केला. मी काय सांगत होतो?

ठिबकवाला:
ताजं कोंबडखत टाकलं असतं तरी असंच करपलं असतं. उगाच झेंडा फडकवू नका.

खिडकीतला_माळी:
खपली आहे. मणीही आहेत, पिवळे. मला किड्यांची अंडी वाटली म्हणून कालच निम्मे चिरडले.

बर्फातली_बाग:
चिरडले? मण्याला टरफल असतं म्हणून खत हळूहळू सुटतं. आता सगळं एकदम मोकळं झालं. शनिवारची वाट बघू नका. उरलेले मणी वेचा. कुंडी न्हाणीघरात न्या, कुंडीच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओता, खालून निथळू द्या, ताटलीत साचलेलं फेका. मग कुंडी उचलून हलकी लागेपर्यंत पाणीही नको. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे नवीन पानांवर लक्ष ठेवा.

खिडकीतला_माळी:
बरं, ओततोय. पण शनिवारी बाटली कुठली आणू?