शेअर कॅलेंडर दिसत नाही, तर म्हणे माणूसच अडाणी!

टॉवेलवाला हिशेबनीस
काल इथं एका शहाण्यानं लिहिलं, "कॅलेंडर दिसत नाही तर दोष तुमच्या जुनाट व्हर्शनचा. नवं घ्या, रडू नका." घ्या म्हणे! खिशातून? अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसतो मी. माझ्याकडं आउटलुक २०१६ (मायक्रोसॉफ्टचा मेल-कॅलेंडरचा प्रोग्राम), पॅकिंगला २०१०, मालकांकडं नवीन आउटलुक, सुपरवायझर मोबाइलवर गूगल बघतो. मालकांनी मंगळवारी इन्स्पेक्शन टाकलं. मला दिसला नुसता पट्टा, वर 'व्यस्त'. म्हटलं दवाखान्यात जाणार असतील. इन्स्पेक्टर गेटवर, माल अजून शिलाईत! शिव्या कुणी खाल्ल्या?

सात रस्ता
तो शहाणा मीच. 'व्यस्त' दिसतंय म्हणजे कॅलेंडर पोचलंय की ओ. मालकांनी परवानगी फक्त मोकळं-व्यस्त एवढीच दिलीय, ती 'सर्व तपशील' करायला सांगा. २०१०चा मात्र विषय संपला. ऑक्टोबर २०२० ला सपोर्ट गेला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं नुसत्या पासवर्डचं जुनं लॉगिन बंद करायला घेतलं. नवं लॉगिन २०१०ला कळतच नाही. पासवर्ड विचारत बसतं ना?

टॉवेलवाला हिशेबनीस
दिवसभर विचारतं. पण मग माझ्या बाबतीत दोष व्हर्शनचा नव्हताच की! काल कशाला अक्कल पाजळली?

कडक भाकरी
गूगलवाल्याचंही सांगा. आमच्यात आउटलुकचं कॅलेंडर गूगलला लिंकनं जोडलंय, मीटिंगची वेळ बदलली की त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर तो येऊन गेलेला असतो. घरीही तेच. बायकोनं पाण्याचं कॅलेंडर केलं, दर पाच दिवसांनी रिपीट. एकदा पंपाची वीज गेली, पाण्याची पाळी एक दिवस सरकली, पुढच्या सगळ्या नोंदी चुकल्या. पहाटे साडेतीनला नळाशी बादली घेऊन मी एकटाच!

जुळे सोलापूरकर
रिपीट लावायचंच नाही. पाणी काय घड्याळ बघून येतं? शंभर किलोमीटरवरनं उजनी धरणाचं पाणी येतं, वाटेत कुठंही फुटतं.

कडक भाकरी
तुमच्याकडं टाक्या मोठ्या, तुम्हाला बोलायला काय जातंय. पेठेत येऊन बघा एकदा.

जुळे सोलापूरकर
टाकी भरायला आधी पाणी यावं लागतं! सहा दिवस टँकर घेतलाय मी, पावत्या दाखवू का?

सात रस्ता
अहो, धागा कॅलेंडरचा आहे.

कडक भाकरी
पाण्याचंही कॅलेंडरच आहे. नेहमीप्रमाणे तुम्हाला आमचाच दोष दिसणार.

सात रस्ता
बरं बाबा. लिंकनं जोडलेलं कॅलेंडर गूगल स्वतःच्या सवडीनं वाचतं, त्याला घाई करता येत नाही. वेळ बदलली तर फोन करा. आणि हिशेबनीस, पहिल्यांदा ब्राउझरमधून मेल उघडून बघायचं. तिथं दिसलं तर घोळ तुमच्या मशीनचा. तिथंही नाही दिसलं तर परवानगीचा. उगाच सॉफ्टवेअर काढून परत टाकत बसू नका.

टॉवेलवाला हिशेबनीस
दोनदा काढून परत टाकलं होतं. असो. मालकांनी परवानगी बदलली, आता 'इन्स्पेक्शन, सकाळी ११' असं स्वच्छ दिसतंय. पॅकिंगवाल्याला ब्राउझरमध्ये उघडून दिलं. तुमचं निदान बरोबर निघालं, बोलणं अजूनही उद्धटच आहे. आणि २०१६चंही काय होणार ते आत्ताच सांगा.

सात रस्ता
त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतंय तोवर चालवा. रागावू नका.

कडक भाकरी
ते राहू द्या. आज कुणाकडं पाणी आलं का?